चिनी कथेतलं गाव वाचताना आधी उंबरठा बघावा

प्रश्न असा आहे: "लू शुन आणि मो यान यांचं थोडं लेखन इंग्रजीतून वाचलं. गाव ओळखीचं वाटतं आणि वाटतही नाही. तिथे जात नाही, बलुतेदार नाहीत, गावकुसाबाहेरची वस्ती नाही. मग कोण वर आणि कोण खाली, हे वाचकाला कळतं कशावरून? आणि सुरुवात कुठून करावी?"

मी पंचवीसेक वर्षं चिनी शिकवते, अधूनमधून अनुवादही करते. वर्गात नवी ग्रामीण कथा घेतली की पहिल्या तासाला कथानकाबद्दल अवाक्षर काढत नाही. सगळ्यांना कोरा कागद देते आणि गावाचा नकाशा काढायला लावते. कुणाचं घर कुठे, देऊळ कुठे, बसून कोण जेवतं, उभं कोण राहतं, कशाला हात लावायची मुभा कुणाला नाही. तासाभरात निम्मी गोष्ट कागदावर उतरलेली असते. चिनी लेखक उतरंड समजावून सांगत बसत नाही. तो ती जागेत मांडून ठेवतो आणि पुढे निघून जातो. आपण जातीच्या खुणा शोधत वाचत राहिलो, तर ती मांडणी डोळ्यांसमोरून निसटते.

सोपं उदाहरण लू शुनच्या 'कोंग यीजी' (१९१९) या कथेतलं आहे. लूचन गावात दारूचं एक दुकान आहे, रस्त्याकडे तोंड करून काटकोनात वळलेलं त्याचं काउंटर आहे. आखूड अंगरख्याची कष्टकरी माणसं बाहेरच्या बाजूला उभ्याउभ्या पितात. लांब झगेवाले आतल्या खोलीत जातात, खायला मागवतात, बसून सावकाश पितात. लांब झगा घालून उभ्याने पिणारा कोंग यीजी हा एकटाच. विद्या आहे, परीक्षेत यश कधीच नाही, खिसा रिकामा आहे आणि झगा मात्र अंगावरून उतरत नाही. त्याची सगळी कर्मकहाणी त्या काउंटरच्या चुकीच्या बाजूला उभी आहे.

पण ज्या कथेवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते ती 'नववर्षाची पूजा' (१९२४). गाव तेच, लूचन. शियांगलिन साओ ही विधवा लू घराण्यात मोलकरीण म्हणून येते. 'साओ' म्हणजे वहिनी. शियांगलिन हे तिच्या नवऱ्याचं नाव. तिचं स्वतःचं नाव कथेत कुठेच येत नाही. महिना पाचशे नाण्यांवर ती गड्याइतकं राबते आणि त्यात सुखी असते, अंगाने भरते. मग सासू येते, नदीवर तांदूळ धुवायला गेलेल्या सुनेला बोटीत घालून पळवते आणि डोंगरातल्या एका माणसाला ऐंशी हजार नाण्यांना विकते. त्यातले पन्नास हजार धाकट्या मुलाच्या लग्नात देज म्हणून खर्च होतात. डोंगरातल्या गावात मुलगी सहसा कुणी देत नाही, म्हणून तिथे भाव जास्त मिळतो, हा हिशेबही लू शुन सांगून टाकतो. नकाशावर सासरचं गाव, लूचन आणि ती डोंगरातली खोरी अशा तीन जागा काढल्या की बाईची किंमत कुठे किती होते ते दिसतं.

दुसरा नवरा तापाने जातो. तिचा लहानगा आ माव दाराच्या उंबरठ्यावर बसून शेंगा सोलत असताना लांडगा त्याला उचलून नेतो. दीर घर ताब्यात घेतो. ती परत लू घरी येते. गाव तिला तरीही शियांगलिन साओच म्हणतं, दुसऱ्या नवऱ्याचं नाव तिला चिकटतच नाही. घरमालक म्हणतात, कामाला ठेवा, पण पूर्वजांच्या पूजेच्या भांड्यांना तिचा हात लागता कामा नये. तिच्या हातचं पूर्वज खाणार नाहीत. मराठी वाचकाला इथे लगेच 'विटाळ' हा शब्द सुचतो आणि तो चूक नाही. फरक एवढाच की हा विटाळ जन्माने आलेला नाही. दोनदा लग्न झालं, दोनदा वैधव्य आलं, यातलं एकही तिने मागितलेलं नव्हतं. आयुष्याने तो तिच्या अंगाला फासला.

पुढे घरातली दुसरी मोलकरीण तिला घाबरवते: मेल्यावर दोन्ही नवरे तुझ्यावर हक्क सांगतील, यमराज करवतीने तुझे दोन तुकडे करून वाटून देईल. उपाय एकच, भूदेवतेच्या देवळाला एक उंबरठा दान कर. हजारो लोक त्यावर पाय देतील, लाखो ओलांडतील, तुझ्या वाटची विटंबना तो उंबरठा सोसेल. जवळपास वर्षभराने ती साठवलेली कमाई घेऊन जाते. किंमत बारा हजार नाणी. पुजारी आधी नाहीच म्हणतो, रडारड झाल्यावर तयार होतो. त्यानंतरच्या हिवाळी पूजेला ती मोकळ्या मनाने प्याले आणि जेवायच्या काड्या मांडायला पुढे होते आणि मालकीण घाईघाईने ओरडते, "राहू दे, शियांगलिन साओ!" भाजल्यासारखा ती हात मागे घेते.

एका उंबरठ्यावरून मूल गेलं, दुसरा उंबरठा विकत घेतला आणि तोही उपयोगाला आला नाही. देवळाने पैसे घेऊन शुद्धी दिली, घराने ती मानली नाही. गावात नियम करणाऱ्या जागा दोन असतात आणि त्यांचं आपसात पटलंच पाहिजे असं नसतं, हे एवढ्या कमी शब्दांत सांगितलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

आता जातीच्या प्रश्नाकडे. चिनी गावात जातीची जागा बऱ्याच अंशी भावकीने घेतलेली असते. आडनाव एक, पूर्वजांचं सभागृह एक, वंशावळ एक आणि त्या वंशावळीत तुमची पिढी कितवी यावर मान. साठीचा माणूस पंचविशीच्या पोराला 'काका' म्हणतो, कारण पोराची पिढी वरची आहे. समाजशास्त्रज्ञ फेइ श्याओथोंग यांनी १९४०च्या दशकात यासाठी पाण्याची उपमा दिली होती: दगड टाकला की तरंग बाहेर पसरत जातात, मधोमध आपण, आणि तरंग जितका लांबचा तितकं नातं पातळ. ज्याचा दगड मोठा त्याची वर्तुळं मोठी. 'आ क्यूची खरी कहाणी' (१९२१-२२) मध्ये बिनघराचा, देवळात झोपणारा मजूर आ क्यू दारूच्या तारेत सांगून बसतो की आपलं आडनावही झाओ, म्हणजे गावातल्या बड्या झाओंच्या भावकीतलेच आपण. दुसऱ्या दिवशी झाओसाहेब बोलावून थोबाडीत मारतात: तू झाओ कसा असशील, तुझी लायकी काय! त्यानंतर त्याचं आडनाव काय हे गावात कुणालाच नक्की सांगता येत नाही. माणसाला वर्तुळाबाहेर ठेवायला आडनाव काढून घेतलं की पुरे.

माझा सर्वांत आवडता नकाशा मात्र झाओ शूलीचा. आपल्याकडे त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही, याची मला खंत आहे. शान्शी प्रांतातल्या खेड्यातला हा माणूस (१९०६-१९७०). 'ली यौत्साईची गाणी' ही त्याची १९४३ची दीर्घकथा. जपानविरोधी युद्ध चालू होतं, कम्युनिस्टांच्या ताब्यातल्या भागात जमिनीचा खंड आणि व्याज कमी करण्याची मोहीम चालली होती. (आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस शेजारच्या हबेई प्रांतातल्या एका खेड्यात डिसेंबर १९४२ मध्ये गेले. ते ज्या उत्तर चिनी खेड्यांत वावरले, साधारण तसलीच ही खेडी.) कथेच्या सुरुवातीलाच यानच्याशान गावाचं वर्णन येतं. पश्चिम टोकाला विटांची माडीची घरं, मधे बैठी घरं, पूर्वेला म्हाताऱ्या ह्वाई झाडाखाली मातीत कोरलेल्या वीस-तीस गुहा. जमीन तशी सपाटच, पण छपरांवरून नजर फिरवली तर पश्चिमेकडून पूर्वेकडे सरळ उतार. पश्चिमेला सगळे यान आडनावाचे. पूर्वेला निम्मे बाहेरून जमीन फोडायला आलेले, निम्मे कंगाल झालेले इतर आडनावांचे; यानांची तीनच घरं, तीही दिवाळं निघून घर विकून आलेली. एका परिच्छेदात आख्खी समाजरचना, आणि 'शोषण' हा शब्दही नाही.

मग नावांची गंमत. पूर्वेकडच्या माणसांना सगळे 'लाओ' (म्हातारा) नाहीतर 'श्याओ' (धाकटा) लावून हाक मारतात, खरं नाव कुणाला आठवतही नाही. पश्चिमेकडच्या बड्यांची लहानपणची नावं मात्र तोंडातून काढायची सोय नाही. माजी गावप्रमुख यान हंगयुआन याचं लहानपणचं नाव 'धाकली कणगी' अशा अर्थाचं. म्हणून गावातली माणसं धान्याच्या कणगीलासुद्धा कणगी म्हणत नाहीत, कोठार म्हणतात. नवऱ्याचं नाव 'साखरे' असलं म्हणून चहात 'गोड' मागणाऱ्या आज्या आपण पाहिल्यात, पण इथे आख्ख्या गावाने शब्दच टाकून दिलेला.

या गावात आधी एक तरुण कार्यकर्ता येतो, यानांच्या गोड बोलण्याला भुलतो आणि गाव आदर्श म्हणून जाहीर करून मोकळा होतो. नंतर दुसरा कार्यकर्ता लाओ यांग येतो, कपड्यांवरून शेतकरीच. गरीब लाओ चिनच्या घरी जेवायला बसतो. चिन त्याला तालुक्याचा साहेब समजून अदबीने वागतो आणि बोलताबोलता कळतं की पाहुणा पूर्वी सालगडी होता. त्या क्षणी चिनच्या मनातून तो उतरतो. स्वतः तळाला असलेला माणूसही उतरंडच मानतो, हे झाओ शूली हसत हसत सांगतो. पक्षाच्या बाजूचा लेखक असून गरिबाला पवित्र करत नाही, म्हणून मी त्याला इतकी मानते. सांस्कृतिक क्रांतीत छळ सोसून १९७० मध्ये त्याचा मृत्यू झाला.

इथे जातीच्या प्रश्नाचा दुसरा भाग येतो आणि तो जरा अस्वस्थ करणारा आहे. १९५०च्या जमीन सुधारणा कायद्यानंतर प्रत्येक घराला एक शिक्का मिळाला: जमीनदार, श्रीमंत शेतकरी, मध्यम, गरीब, शेतमजूर. याला 'छंगफन' म्हणत. जमीन केव्हाच वाटून गेली, शिक्का राहिला आणि बापाकडून पोराकडे येत राहिला. शाळा, नोकरी, सैन्य, लग्न, सगळीकडे तो विचारला जाई. जमीनदाराच्या नातवाला बायको मिळेना. हे शिक्के काढायला १९७९ उजाडलं. जन्माने ठरणारी पायरी मोडायला निघालेल्यांनी जन्माने ठरणारी नवी पायरी बसवली. त्यात १९५८च्या 'हूखौ' नोंदणीने गावचा माणूस गावालाच बांधला गेला. तुम्हाला मो यान आवडत असेल तर 'जन्ममरणाचा शीण' म्हणता येईल अशी त्याची २००६ची कादंबरी याच दृष्टीने पुन्हा वाचा. गोळी घातलेला जमीनदार शीमन नाओ गाढव, बैल, डुक्कर, कुत्रा अशा योनींतून गावात परत येत राहतो. त्या गंमतीत वाचक रमतो. माझी नजर असते ती त्याचा पूर्वीचा गडी लान ल्यान याच्या ३.२ मू जमिनीवर, म्हणजे जेमतेम अर्ध्या एकरावर. सगळं गाव सामुदायिक शेतीत गेलेलं, हा एकटा जात नाही. कम्यूनच्या समुद्रात हा चिंचोळा पट्टा. दिवस कम्यूनचा, म्हणून तो चांदण्यात शेत कसतो. नकाशा काढायला सांगितला की विद्यार्थी इथे अडतात आणि मग वेळही नकाशावर काढायला लागतात.

१९८०च्या सुमाराची एक छोटी कथा हसवणारी आहे. गाओ श्याओशंगची 'छन ह्वानशंग शहरात जातो'. वर्षानुवर्षं खायची भ्रांत असलेल्या छनच्या घरी आता धान्य आहे. तळलेल्या कणकेचे पीळ विकून एक टोपी घ्यायला तो शहरात जातो आणि रात्री स्टेशनवर तापाने पडतो. ओळखीचा तालुका पक्षसचिव त्याला गाडीत घालून सरकारी विश्रामगृहात ठेवतो. सकाळी छन जागा होतो तर चकाकणारी फरशी, स्प्रिंगची खुर्ची. जोडे हातात घेऊन अनवाणी चालतो, खुर्चीवर बेताने टेकतो, मोडली तर भरून कोण देणार! मग बिल येतं: पाच युआन. माणूस खोलीत परततो, जोडे घालून फरशी तुडवतो, खुर्चीवर मुद्दाम धपकन बसतो, उशीच्या देखण्या टॉवेलला तोंड पुसतो आणि कपड्यांसकट झोपतो. पैसे दिलेत ना! वाटेत बायकोला काय सांगायचं ही विवंचना, आणि मग सुचतं: सचिवाच्या गाडीत बसलेला, पाच युआनच्या खोलीत झोपलेला गावात दुसरा आहे कोण? आणि खरंच, गावात त्याचा भाव वधारतो. पूर्वी त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, आता लोक ऐकायला थांबतात. गावाबाहेरची एक खोली गावातली पायरी बदलते.

कादंबरीच वाचायची असेल तर छन झोंगशची 'पांढऱ्या हरणाचं पठार' (१९९३). शीआनजवळचं पठार, मूळ एकच असलेली पण बाय आणि लू अशा दोन आडनावांत विभागलेली भावकी, आणि मधोमध पूर्वजांचं सभागृह. तिथे लग्न मान्य होतं, तिथेच फटके बसतात. कुलप्रमुख बाय ज्याश्वान दगडावर गावकरार कोरून घेतो. हा करार कादंबरीकाराने हवेतून काढलेला नाही, अकराव्या शतकात त्याच परिसरातल्या लू बंधूंनी (हे लू वेगळ्या आडनावाचे, कादंबरीतले नव्हेत) तसा लिहिला होता. त्याला 'श्यांगयुए' म्हणतात. पुढे राजेशाही जाऊन प्रजासत्ताक येतं आणि 'श्यांगयुए' हे चक्क एका सरकारी हुद्द्याचं नाव होऊन बसतं. सगळ्यांनी मिळून पाळायचा करार होता, आता शिक्का मारणारा माणूस आहे. गावाची सत्ता सभागृहातून कचेरीत कशी गेली ते या एका शब्दात कळतं. १९२७च्या शेतकरी आंदोलनात बाय घरच्या गड्याचा मुलगा हेयवा तो दगड फोडतो, बाय ज्याश्वान तुकडे जुळवून पुन्हा उभा करतो. हेयवाची बायको श्याओ अ हिचं लग्न सभागृहाने कधीच मान्य केलं नाही. ती गावाबाहेरच्या गुहेत राहिली, आणि मेल्यावर तिच्या अस्थी जाळून वर मनोरा बांधला, परत येऊ नये म्हणून. हेयवा मात्र पुढे त्याच सभागृहात येऊन गुडघे टेकतो. पुरुषाला परतीची वाट आहे. लेखकाला हा भेद टोचतो की तो कुलप्रमुखाच्या बाजूने आहे, यावर माझ्या वर्गात दर वर्षी भांडण होतं. माझं मत विचाराल तर त्याचं मन बाय ज्याश्वानकडे आहे आणि लेखणी श्याओ अकडे.

शेन त्सोंगवेनच्या 'सीमेवरचं गाव' (१९३४) बद्दल थोडक्यात, कारण त्याला लोक नुसतं निसर्गकाव्य समजतात. हूनानच्या पश्चिम टोकाची नदी, सरकारी होडी, तीन माप तांदूळ आणि सातशे नाण्यांवर समाधानी नावाडी आजोबा, त्यांची नात. कुणी वरचे पैसे दिले तर आजोबा परत करतात. सगळं नितळ. तरीही नातीच्या लग्नाचा प्रश्न येतो तेव्हा गाव कुजबुजतं की मुलगा हुंड्यात पाणचक्की घेणार की जुनी होडी. नितळ पाण्यातही चक्कीचं वजन जाणवतं.

आणि शेवटी ज्या पिंगवा या लेखकाची 'छिनछ्यांग' (२००५). नाव तिथल्या लोकनाट्यगायनाचं. छिंगफंग च्ये नावाचं खेडं, बारीकसारीक भांडणं, जेवणं, जमिनीचे वाद, पानंच्या पानं काहीच घडत नाही. पहिल्या शंभर पानांत सोडून द्यावीशी वाटते, मीही एकदा सोडली होती. पण शेवटाकडे प्रतिष्ठित घराण्यातला शिया थ्यानझ वारतो आणि शवपेटी उचलायला गावात पुरेशी जवान माणसं सापडत नाहीत. सगळे शहरात मजुरीला गेलेत. मान, पिढी, आडनाव, सगळं शाबूत आहे, खांदे नाहीत.

सुरुवात कुठून, तर आधी 'कोंग यीजी', पाचसहा पानांची आहे. मग 'नववर्षाची पूजा', मग 'छन ह्वानशंग'. या तिन्ही इंग्रजीत मिळतात. झाओ शूलीच्या जुन्या इंग्रजी आवृत्त्या ग्रंथालयात हुडकाव्या लागतात, हुडका. त्यानंतर मो यान पुन्हा हाती घ्या. 'छिनछ्यांग' घाईने घेऊ नका. आणि वाचताना जवळ कागद ठेवा. पहिल्या दोन कथांत उंबरठा, काउंटर, नदीकाठ एवढंच काढलं तरी चालेल.